रोध घटला म्हणजे वाइल सेमीमेटल सापडला का?

प्रश्न असा आहे. इंदूरला लोकमान्यनगरात राहणारी आणि खंडवा रोडच्या विद्यापीठ परिसरात नुकतीच पीएचडीला लागलेली एक मुलगी लिहिते: "ताई, आमच्या स्फटिकात चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला समांतर ठेवलं की रोध कमी होतो. क्वांटम दोलनांवरून (क्षेत्र बदलताना रोधात येणाऱ्या चढउतारांवरून) बेरी फेज पायच्या (π) जवळ निघते. ग्रुपमधले सगळे म्हणतात, हा वाइल सेमीमेटलच आहे. एवढ्यावर पेपर लिहावा का? आणि मला मुळातच एक कोडं सुटत नाही. टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्ये गॅप असते म्हणून तिथे पूर्णांक ठरतो. सेमीमेटलमध्ये गॅपच नसते, मग टोपोलॉजी कशाची?"

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. नवख्या वाचकांसाठी चार शब्द: बँड म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉनला मिळू शकणाऱ्या ऊर्जांचा पट्टा, गॅप म्हणजे दोन पट्ट्यांमधली रिकामी जागा. बेरी फेज म्हणजे संवेग-अवकाशात एक फेरी मारून आल्यावर इलेक्ट्रॉनच्या लहरीत उरणारी जास्तीची कला. टोपोलॉजी म्हणजे थोड्या ढवळाढवळीने न बदलणाऱ्या पूर्णांकांचा हिशेब, आणि वाइल सेमीमेटल म्हणजे ज्यात दोन बँड फक्त सुट्या बिंदूंत भेटतात असा पदार्थ.

दोन बँड एका बिंदूत भेटतात तिथे जवळपास दोनच पातळ्यांचा हिशेब पुरतो. दोन पातळ्यांचं हॅमिल्टोनियन (ज्यातून ऊर्जा निघतात ते गणिती रूप) म्हणजे तीन पाउली मॅट्रिक्स (दोन बाय दोनच्या ठरावीक मांडण्या) आणि प्रत्येकीचा एक सहगुणक. पातळ्या एकमेकींना भिडायच्या तर तिन्ही सहगुणक एकदमच शून्य व्हायला हवेत. फोन नॉयमन आणि विग्नर यांनी १९२९ मध्येच हे दाखवून ठेवलं आहे. त्रिमितीय स्फटिकात संवेगाचे घटकही तीनच, म्हणजे अटी तीन आणि चलही तीन. त्यामुळे अशी भेट घडवून आणायला वेगळी कुठली सममिती लागत नाही, ती आपसूक घडू शकते. कॉनयर्स हेरिंगने १९३७ मध्ये बँडच्या अशा 'आकस्मिक' भेटींवर लिहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

आता या हॅमिल्टोनियनमध्ये थोडी ढवळाढवळ कर. स्फटिकाला किंचित ताण दे, रासायनिक घटक जरासा बदल. सहगुणकांत लहानशी भर पडेल आणि तिघे शून्य होण्याची जागा सरकेल. सरकेल, पण नाहीशी होणार नाही. ग्राफीनशी तुलना केलीस तर फरक लगेच कळेल. ग्राफीन द्विमितीय, संवेगाचे घटक दोन, मॅट्रिक्स मात्र तीन. तिसरी मोकळी राहते आणि ती आत शिरली की गॅप उघडते. सममिती तिला बाहेर ठेवते म्हणूनच ग्राफीनचे बिंदू टिकून आहेत. त्रिमितीत मोकळी मॅट्रिक्स उरतच नाही.

तर गॅप कुठे आहे? त्या बिंदूला वेढणारा एक छोटा गोल संवेग-अवकाशात कल्पून बघ. गोलाच्या पृष्ठभागावर कुठेही बँड भिडत नाहीत, तिथे गॅप शाबूत आहे. पूर्णांक ठरतो तो या पृष्ठभागावर. त्यातून बाहेर पडणारा बेरी वक्रतेचा (बेरी फेज कुठे किती जमते याच्या मापाचा) एकूण प्रवाह मोजला तर तो दोन पायच्या (2π) पूर्ण पटीतच येतो, आणि ती पट म्हणजे त्या नोडची, म्हणजे भेटीच्या बिंदूची, कायरॅलिटी (डावे-उजवेपणा): अधिक एक किंवा उणे एक. गोल मोठा कर, वेडावाकडा कर, दुसरा नोड आत येत नाही तोवर उत्तर बदलत नाही. विद्युतभाराभोवती गाउसचा पृष्ठभाग घेतो, अगदी तसंच. सेमीमेटलमधला पूर्णांक संपूर्ण बँडचा नसून एका बंद पृष्ठभागाचा असतो, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

जाता जाता एक. ज्या फेजला आपण बेरी फेज म्हणतो ती मायकल बेरीने १९८४ मध्ये सर्वसाधारण रूपात मांडली, पण प्रकाशाच्या ध्रुवणात तिचं मूळ रूप शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये बंगळूरला दाखवलं होतं. ते तेव्हा ऐन विशीत होते. प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यांचं नाव यायलाच हवं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते घालायला लावते.

आता हे पूर्णांक एकटेदुकटे का सापडत नाहीत ते बघ. ब्रिल्वाँ झोनला, म्हणजे स्फटिकातल्या सगळ्या वेगवेगळ्या संवेगांच्या पेटीला, कड नसते, एका बाजूने बाहेर पडलं की दुसऱ्या बाजूने आत. कुठल्याही नोडमधून निघालेला प्रवाह अखेर दुसऱ्या कुठल्यातरी नोडमध्ये जिरायला हवा, म्हणून एकूण बेरीज शून्य. नीलसन आणि निनोमिया यांचं १९८१ चं प्रमेय ते हेच. नोड नेहमी जोडीने येतात. काल-उलट सममिती (काळ उलटा फिरवला तरी सगळं तसंच राहणं) मोडली असेल, म्हणजे पदार्थ चुंबकीय असेल, तर दोन नोडांवर भागू शकतं. ती शाबूत असेल आणि केंद्र-सममिती (एका केंद्रातून आरपार उलटलं तरी स्फटिक तसाच राहणं) मोडली असेल तर किमान चार लागतात, कारण काल-उलट सममिती प्रत्येक नोडला उलट संवेगावर त्याच कायरॅलिटीचा जोडीदार देते आणि बेरीज शून्य करायला अजून दोन हवे असतात. तुझ्या स्फटिकात केंद्र-सममिती असेल आणि चुंबकत्व नसेल तर वाइल नोडांचा विषय तिथेच मिटला. म्हणून सगळ्यात आधी स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकाच्या सममितींचा संच, पक्का कर. पावडर डिफ्रॅक्शनच्या (भुकटीवर क्ष-किरण टाकून काढलेल्या) आलेखावरून केंद्र-सममिती आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी एकस्फटिकाचा डेटा किंवा प्रकाशाच्या दुसऱ्या हार्मोनिकचं (स्फटिकातून निघणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशाचं) मापन लागतं.

फर्मी आर्क, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या तुटक रेघा, याही याच विचारातून निघतात, आणि मला या विषयात सगळ्यात देखणा भाग तोच वाटतो. समज, दोनच नोड आहेत, एक अधिक आणि एक उणे. संवेग-अवकाशाचे सपाट काप घे, दोघांना जोडणाऱ्या रेषेला लंब. प्रत्येक काप म्हणजे गॅप असलेली एक द्विमितीय व्यवस्था, तिचा आपला चर्न अंक, म्हणजे तिचा टोपोलॉजिकल पूर्णांक, असतो. काप नोड ओलांडतो तेव्हाच हा अंक बदलू शकतो. म्हणून दोन नोडांच्या मधल्या सगळ्या कापांचा अंक एक आणि बाहेरच्यांचा शून्य. अंक एक असलेल्या प्रत्येक कापाला कडेवर एक वाहती अवस्था मिळते. या सगळ्या कडा एकापुढे एक ठेवल्या की स्फटिकाच्या पृष्ठभागावर एक रेघ उमटते: एका नोडच्या सावलीपासून निघणारी आणि दुसऱ्याच्या सावलीपाशी थांबणारी. साध्या धातूत पृष्ठभागावरच्या फर्मी रेषा बंद वळशाच्या असतात. ही मधेच तुटलेली दिसते, कारण तिची दोन्ही टोकं स्फटिकाच्या आत शिरतात. २०११ मध्ये वान, टर्नर, विश्वनाथ आणि सावरासोव यांनी पायरोक्लोर इरिडेटांसाठी (इरिडियमच्या एका ऑक्साइड-कुळासाठी) हे भाकीत केलं. प्रत्यक्षात वाइल नोड आणि आर्क पहिल्यांदा दिसले ते २०१५ मध्ये, टँटॅलम आर्सेनाइडमध्ये.

टँटॅलम आर्सेनाइडचा हिशेब एकदा हाताने करून बघच. नोड २४. त्यातले ८ एका जातीचे, १६ दुसऱ्या जातीचे. नेहमीच्या पृष्ठभागावर पहिल्या जातीच्या ८ नोडांच्या ८ वेगळ्या सावल्या पडतात, प्रत्येकीची किंमत अधिक किंवा उणे एक. दुसऱ्या जातीचे मात्र सारख्या कायरॅलिटीचे दोन-दोन नोड एकमेकांच्या बरोबर खाली येतात, म्हणून त्यांच्या सावल्या ८, पण किंमत दोन. म्हणजे त्या सावलीपाशी दोन आर्क यायलाच हवेत. पहिल्या पेपरांत चंद्रकोरीसारख्या दोन रेघांची जोडी दिसते, ती हीच. आता अशी सावली घेरणारा एक बंद वळसा पृष्ठभागाच्या ब्रिल्वाँ झोनवर काढ आणि त्याला छेदणाऱ्या रेघा वेगाच्या दिशेप्रमाणे अधिक-उणे धरून मोज. आत नुसते बंद वळसे असतील तर बेरीज शून्य येईल. शून्य आली नाही, तर आत टोपोलॉजिकल भार आहे. पुरावा असा मोजता यावा, रेघ चंद्रकोरीसारखी दिसते एवढ्याने काही ठरत नाही. साध्या, टोपोलॉजीशी संबंध नसलेल्या पृष्ठभाग-अवस्थाही हुबेहूब तशा दिसू शकतात.

आता तुझ्या रोधाकडे.

समांतर क्षेत्रात रोध घटण्यामागची कल्पना कायरल अॅनॉमलीची आहे. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेला असले की एका कायरॅलिटीच्या नोडमधून दुसऱ्या कायरॅलिटीच्या नोडकडे इलेक्ट्रॉन सरकवले जातात. त्यांना परत यायला मोठी उडी मारावी लागते, त्यामुळे असमतोल टिकतो आणि वाहकता क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नीलसन-निनोमियांनी १९८३ मध्येच स्फटिकासाठी हे लिहून ठेवलं होतं. पण इथेही तोच प्रश्न विचारायला हवा: कोणत्या बंद पृष्ठभागाची कायरॅलिटी? वहनात भाग घेतात ते फर्मी पातळीवरचे, म्हणजे ज्या ऊर्जेपर्यंत जागा भरलेल्या असतात तिथले, इलेक्ट्रॉन. म्हणून इथे बंद पृष्ठभाग म्हणजे फर्मी पृष्ठाचं (संवेग-अवकाशात त्या ऊर्जेच्या पृष्ठभागाचं) एकेक सुटं पॉकेट, आणि त्याचा भार म्हणजे त्याच्या आत सापडलेल्या नोडांची बेरीज. फर्मी पातळी नोडांच्या अगदी जवळ असेल तर प्रत्येक पॉकेटमध्ये एकच नोड येतो आणि कायरॅलिटीला अर्थ राहतो. पातळी थोडी वर किंवा खाली गेली की दोन पॉकेटं मिळून एक होतात, आत एक अधिक आणि एक उणे, बेरीज शून्य. नोड तेव्हाही असतातच, पण वहनाला त्यांचा पत्ता नसतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. टँटॅलम फॉस्फाइडमध्ये २०१६ मध्ये क्वांटम दोलनांवरून फर्मी पृष्ठ बारकाईने मांडलं गेलं, तेव्हा दिसलं की पॉकेटं दोन्ही कायरॅलिटीचे नोड पोटात घेऊन बसली आहेत. तरीही त्या स्फटिकांत समांतर क्षेत्रात रोध घटत होता. मग तो घटत कशाने होता?

बऱ्याच अंशी, करंट जेटिंगने, म्हणजे वीज एका बारीक धारेत एकवटण्याने. आपल्या प्रयोगशाळांत याच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबून सांगते. या स्फटिकांत इलेक्ट्रॉनांची गतिशीलता प्रचंड असते, त्यामुळे क्षेत्राला आडव्या दिशेने रोध शेकडो-हजारो पटींनी वाढतो. क्षेत्राच्या दिशेने मात्र तो जवळपास तसाच राहतो. अशा वेळी विजेला आडवं पसरणं महाग पडतं. प्रवाहाचे संपर्क टोकाला मध्यभागी टिकलीएवढे असतील तर वीज स्फटिकभर पसरत नाही, दोन टिकल्यांमधल्या रेषेवरून सुसाट जाते. कडेला बसवलेल्या व्होल्टेजच्या तारांपर्यंत ती पोचतच नाही. तिथलं व्होल्टेज पडतं, उपकरण त्याला प्रवाहाने भागतं, आणि आलेखावर रोध घटलेला दिसतो. पदार्थाने काहीच केलेलं नसतं.

म्हणून हे कर. स्फटिक लांबट काप, लांबी रुंदीच्या निदान चार-पाच पट. प्रवाहाचे संपर्क दोन्ही टोकांच्या पूर्ण पृष्ठांवर सिल्व्हर पेंटने माखून घे, टिकली लावू नकोस. हे पहिलं मापन. मग मुद्दाम उलटं कर: दुसऱ्या तुकड्यावर प्रवाहाचे संपर्क बारीक ठेव आणि व्होल्टेजच्या दोन जोड्या बसव, एक प्रवाह-संपर्कांच्या सरळ रेषेत म्हणजे कण्यावर, दुसरी कडेला. क्षेत्र वाढवत जा आणि दोन्ही जोड्या एकाच वेळी वाच. कण्यावरचा रोध वाढतोय आणि कडेचा घटतोय असं दिसलं तर ते जेटिंग, तिथे कायरल अॅनॉमलीचं नाव काढू नकोस. दोन्हीकडे घटला तर मात्र तुझ्या हाती काहीतरी आहे. प्रिन्स्टनच्या ओंग यांच्या गटाने २०१८ मध्ये ही कसोटी पद्धतशीर मांडली. सोडियम बिस्मथाइड आणि गॅडोलिनियम-प्लॅटिनम-बिस्मथ तिच्यात उतरले, कारण त्यांची गतिशीलता तुलनेने कमी आणि जेटिंग सौम्य. टँटॅलम आर्सेनाइडच्या कुळातले स्फटिक तिथे अडखळतात. ज्या कुळात नोड सर्वांत स्वच्छ दिसले, त्याच कुळात रोधाचा पुरावा सर्वांत कच्चा आहे, हे लक्षात असू दे.

सोबत नेहमीची पथ्यं पाळ. क्षेत्र उलटं करून दोन्ही वाचनांची सरासरी घे, नाहीतर हॉल व्होल्टेज (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाहाला आडवं उमटणारं) मिसळतं. कोन बारीक पायऱ्यांनी फिरव. स्फटिकात चुंबकीय मूलद्रव्य असेल तर स्पिनमुळे होणारं इलेक्ट्रॉनांचं विखुरणं क्षेत्रात दबतं आणि त्यानेही रोध घटतो. आणि हेही ध्यानात ठेव की बिस्मथ सेलेनाइडसारख्या टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्ये, जिथे नोड मुळीच नाहीत, तिथेही समांतर क्षेत्रात रोध घटलेला मोजला गेला आहे.

बेरी फेजबद्दल माझं मत कडक आहे. नुसत्या फॅन डायग्रामच्या छेदावरून π निघाला असं म्हणणाऱ्या पेपरवर मी विसंबत नाही. तिथे तू लँडाउ पातळ्यांचे (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ठरावीक ऊर्जांचे) क्रमांक क्षेत्राच्या व्यस्ताविरुद्ध मांडतेस आणि रेषा शून्यापर्यंत लांबवतेस. पहिला घोळ क्रमांक देताना होतो: रोधाच्या शिखराला पूर्णांक द्यायचा की दरीला? ते रोधकता आणि हॉल रोधकता यांच्यात मोठी कोण यावर ठरतं, म्हणून आधी दोन्ही मोजून वाहकता काढ आणि क्रमांक वाहकतेच्या आलेखावर दे. दुसरं, त्रिमितीय पॉकेटसाठी एक अष्टमांशाची वेगळी भर असते आणि पॉकेटच्या आकारावर तिचं चिन्ह अवलंबून असतं. तिसरं, झीमन विभाजन (क्षेत्रात स्पिनप्रमाणे पातळी दुभंगणं) आणि इलेक्ट्रॉनचं कक्षीय चुंबकत्वही त्याच फेजमध्ये मिसळतं. तुझ्याकडे सातव्या क्रमांकापासून पुढच्याच पातळ्या असतील तर शून्यापर्यंत लांबवलेली रेषा अर्ध्या क्रमांकाने सहज इकडेतिकडे होते, आणि तुझा π म्हणजे नेमका तेवढाच अर्धा क्रमांक.

रोध लाखो टक्क्यांनी वाढला म्हणूनही काही सिद्ध होत नाही. शुब्निकोव आणि डी हास यांनी १९३० मध्ये लायडनला रोधाची दोलनं पाहिली ती बिस्मथमध्ये. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) सम प्रमाणात आणि दोघेही चपळ असले की आडव्या क्षेत्रात रोध वाढतच जातो. टंगस्टन डायटेल्युराइडचे २०१४ चे आकडे, ०.५३ केल्व्हिन आणि ६० टेस्लाला १ कोटी ३० लाख टक्के, मुख्यतः याच समतोलाने समजावले गेले.

डिरॅक सेमीमेटलांचं थोडक्यात. तिथे उलट कायरॅलिटीचे दोन नोड एकाच जागी बसलेले असतात. त्यांना वेढणाऱ्या गोलावरचा भार शून्य, म्हणून त्यांना वेगळा आधार हवा: सोडियम बिस्मथाइडमध्ये तीन-पदरी भ्रमण-सममितीचा, कॅडमियम आर्सेनाइडमध्ये चार-पदरीचा. सममिती मोडली की गॅप उघडायला वाव मिळतो. बिंदूऐवजी रेषेवर बँड भेटणारेही पदार्थ आहेत, झिर्कोनियम सिलिकॉन सल्फाइडसारखे. तिथे बंद पृष्ठभागाऐवजी रेषेभोवतीचा बंद वळसा घ्यायचा, आणि स्पिन-ऑर्बिट जोडणीमुळे (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांच्या नात्यामुळे) प्रत्यक्षात छोटी गॅप उघडतेच.

आता पेपरचं. 'वाइल' शब्द शीर्षकात आत्ता नको. स्पेस ग्रुप पक्का झाल्यावर बँड गणित कर, क्वांटम एस्प्रेसो आणि वानिए९० ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. वानिएटूल्सने नोड शोधून प्रत्येकाभोवतीच्या छोट्या गोलावर भार काढ. मग तुझ्याच दोलनांतली वारंवारता त्या गणिताच्या पॉकेटांशी जुळव आणि फर्मी पातळी कुठे येते ते ठरव. पॉकेटात एक नोड की दोन, हे तुझ्याच डेटातून निघतं. दोलनांचा खरा उपयोग तिथे आहे. जेटिंगची कसोटी आठवड्याभराचं काम आहे, आणि कमी तापमान व मोठं क्षेत्र तुझ्या परिसरातच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममध्ये (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संशोधन केंद्रात) उपलब्ध आहे. ते विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभं केलेलं आहे, तेव्हा अर्ज करायला संकोच नको. आर्क बघायचे तर प्रकाश टाकून पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढणारं मापन (फोटोएमिशन) लागेल. त्यासाठीचा प्रखर प्रकाशाचा स्रोत, इंडस-२ सिंक्रोट्रॉन, आपल्या गावात, कॅटमध्येच (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) आहे. पण बीमटाइम (तिथे मापनासाठी मिळणारी वेळ) मागण्याआधी स्फटिक स्वच्छ चिरतो का ते बघ. चिरलेला पृष्ठभाग आरशासारखा नसेल तर महिन्यांची वाट वाया जाते. मापनात फोटॉनची ऊर्जा बदलत जा: जी रेघ हलत नाही ती पृष्ठभागाची, जी सरकते ती आतली.

तुझा स्फटिक चिरत नसेल किंवा त्यात नोड फर्मी पातळीपासून फार दूर निघाले, तर दुसरा पदार्थ सुचवते: तीन कोबाल्ट, दोन टिन, दोन सल्फरचा शँडाइट. काल-उलट सममिती चुंबकत्वाने मोडलेली, नोडांच्या जोड्या फक्त तीन, स्फटिक षट्कोनी चकत्यांसारखा वाढतो आणि चिरतोही सुरेख. क्युरी तापमान साधारण १७५ केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्येच त्याची चुंबकीय अवस्था गाठता येते आणि अनॉमलस हॉल वाहकता (पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे येणारी हॉल वाहकता) मोजायला हेलियमसाठी खोळंबावं लागत नाही. आर्सेनिकचं विषही हाताळावं लागत नाही. या पदार्थावर खूप काम झालेलं आहे, त्यामुळे तुझा आकडा बरोबर की चूक हे पडताळता येईल, आणि सुरुवातीला तेच हवं. गाइडना हे दाखव आणि कण्याच्या-कडेच्या जोड्यांचं मापन या महिन्यातच लावून टाक.